सव्वीस पावलं आणि वर चार बोटं

आमच्या क्लबच्या स्मरणिकेत माझा एक लेख आहे. त्यात रिलेच्या त्या अंतिम शर्यतीबद्दल एकच वाक्य आहे : 'दुर्दैवाने बॅटन ठरलेल्या पट्ट्याच्या बाहेर दिली गेली आणि आपला संघ बाद झाला.' हे वाक्य मी बरेच दिवस घोळवून लिहिलं होतं. त्यातला 'दुर्दैवाने' हा शब्द सोडला तर बाकी सगळं खरं आहे.

तो एक शब्द दुरुस्त करायला मला इतकी वर्षं लागली. जुने लोक भेटले आणि त्या शर्यतीचा विषय निघाला, की मी बोलणं हळूच नव्या ट्रॅककडे किंवा हल्लीच्या मुलांच्या बुटांकडे वळवत असे. आता ऐंशी जवळ आली आहे. विचारणारेही कमी झाले. कुणी विचारेल याची वाट पाहण्यात अर्थ नाही, म्हणून लिहितो.

नावं कुणाचीच देत नाही. तशीही मैदानावर आम्ही मुलींना गावावरूनच हाक मारायचो. एक खडकीची आणि एक लोणीची. या दोघींची आणि माझी ही हकिगत आहे.

मी एका सरकारी कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसला होतो. सकाळी साडेपाचला शनिवार पेठेतून मोपेड काढायची, आठपर्यंत मुलींना पळवायचं आणि मग कामावर जायचं. गळ्यात शिट्टी आणि स्टॉपवॉच अडकवून निघालो की बायको म्हणायची, "या जाऊन. दूध उतू गेलं तर किती सेकंदांत गेलं ते लिहून ठेवते."

खडकीचीचे वडील दारूगोळा कारखान्यात होते. ती क्वार्टर्समध्ये वाढलेली, उंच, लांब टांगांची, बोलण्यात अर्धं हिंदी. तिला मी शाळेच्या स्पर्धेत हेरून आणलं होतं. लोणीची स्वतःहून आली. लोणी काळभोरहून पहिली बस पकडून ती यायची, डब्यात भाकरी आणि पायात भावाचे कॅनव्हासचे बूट. वळणावर ती थोडी बाहेर फेकली जायची, पण सरळ रस्त्यावर तिच्यासारखी सुटणारी मुलगी मी त्याआधी पाहिली नव्हती. दोघी दोनशे मीटरच्या. सहा-सात महिन्यांत दोघींत एवढंसंच अंतर उरलं, आणि तेही कधी इकडे तर कधी तिकडे.

शर्यत संपली की धापा टाकत माझ्याकडे यायच्या. पहिला प्रश्न दोघींचा एकच.

"सर, तिचं किती?"

आपलं टायमिंग नंतर, आधी दुसरीचं. मला त्याची गंमत वाटायची. मग मी एक युक्ती सुरू केली. लोणीचीला मी खडकीचीचं टायमिंग एक-दोन दशांश कमी करून सांगू लागलो आणि खडकीचीला लोणीचीचं. दोघीही खवळून पळायच्या. दोघींची टायमिंग खरोखरच उतरली. प्रशिक्षक म्हणून माझं नाव झालं. दोघींनी एकमेकींशी बोलणं मात्र जवळजवळ बंद केलं. खडकीचीला वाटे, लोणीची आपल्यासमोर मुद्दाम अंगचोरपणा करते आणि आपली पाठ वळली की वेगात पळते. लोणीचीला वाटे, सर खडकीचीच्या बाजूचे आहेत. ते दुसरं काही अगदीच खोटं नव्हतं.

तरीही रिलेमध्ये मी दोघींना एकामागे एक ठेवलं. चार गुणिले शंभर. खडकीची तिसरी, कारण ती वळणावर चांगली. लोणीची शेवटची, कारण शेवट सरळ. म्हणजे खडकीचीच्या हातातली बॅटन लोणीचीच्या हातात जायची.

ज्यांनी रिले जवळून पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. बॅटन घेणारी मुलगी मागे बघत उभी राहत नाही, तिला आधीच पळत सुटावं लागतं. कधी सुटायचं हे ठरवायला ती आपल्या जागेपासून मागे, टाचेला चवडा लावत पावलं मोजते आणि तिथे ट्रॅकवर पांढरी चिकटपट्टी लावते. ही तिची खूण. येणारीचा पाय त्या पट्टीवर पडला, की डोळे पुढे करून जीव खाऊन सुटायचं आणि मागे हात द्यायचा. खूण फार जवळ असेल तर येणारी अंगावर आदळते. फार लांब असेल तर घेणारी लवकर सुटते, येणारी तिला गाठू शकत नाही, आणि ठरलेल्या वीस मीटरच्या पट्ट्याबाहेर बॅटन दिली गेली तर संघ बाद होतो. लोणीचीची खूण चोवीस पावलांवर होती. तिची चोवीस पावलं, तिच्या पायाची.

स्पर्धेच्या तीन आठवडे आधी या चोवीसवरून भांडण झालं. सरावात खडकीची जोरात आली आणि लोणीचीच्या टाचेला तिचा बूट लागला.

"ए लोणी, झोपली होतीस का? आत्ता पडलो असतो ना दोघी!"

"मग हळू ये. तुला कुणी आवतन दिलंय?"

"सर, हिला सांगा ना. खूण मागे घे म्हणावं, दोनच पावलं. मला ब्रेक मारावा लागतो यार, रोज."

"माझी खूण हाय," लोणीची मला म्हणाली, तिच्याकडे न बघता. "आज हिला घाई हाय, उद्या ही दमंल. मग मी काय रोज पट्टी उचलत बसू? न्हाई हलवायची मी."

मी निकाल दिला, चोवीसच राहू दे. खडकीचीने बॅटन गवतात फेकली आणि घरी गेली. लोणीचीने ती उचलून पुसून पिशवीत ठेवली.

त्या स्पर्धेला एरवीपेक्षा जास्त महत्त्व होतं. खेळाडूंना नोकऱ्या देणाऱ्या सरकारी कंपन्या एकेक करून भरती थांबवत होत्या. वर्तमानपत्रांत रोज खुल्या बाजाराचं कौतुक यायचं आणि आमच्या ऑफिसात स्वेच्छानिवृत्तीची पत्रकं फिरायची. एका कंपनीने मात्र कळवलं होतं की यंदा शेवटची भरती, आणि या स्पर्धेत पहिल्या आलेल्या मुलींचा विचार होईल. वैयक्तिक शर्यतीतली पहिली आणि रिलेतल्या चौघी. लोणीचीच्या वडिलांनी घरी सांगून ठेवलं होतं, यंदा नोकरी लागली तर पळ, नाही तर स्थळं येऊन पडली आहेत. हे तिने मला एकदा सहज सांगितलं होतं, बुटाची नाडी बांधता बांधता.

स्पर्धेला पंच कमी पडत. त्यामुळे बाहेरून आलेल्या प्रशिक्षकांनाच बिल्ला लावून उभं करायचे. मला शेवटच्या बदलीच्या जागी उभं केलं, जिथे खडकीची लोणीचीला बॅटन देणार होती तिथेच. हे नियमाला धरून नव्हतं. पण सगळेच कुठे ना कुठे उभे होते, म्हणून कुणी बोललं नाही.

दुपारी दोनशे मीटरची अंतिम शर्यत झाली. खडकीची पहिली आली, तिच्या आयुष्यातल्या सर्वात चांगल्या वेळेत. माझ्या हातातल्या घड्याळावर तो आकडा बघून मला स्वतःलाच धाप लागली. लोणीची दुसरी आली, अगदी थोडक्याने. ती माझ्याकडे आली, पण या वेळी तिने 'तिचं किती' असं विचारलं नाही. म्हणाली, "रिले हाय अजून." मी म्हटलं, "हो, रिले आहे."

दीड तासाने रिलेच्या मुली आपापल्या जागी आल्या. लोणीचीने पावलं मोजली, पट्टी लावली, बोटाने नीट दाबली. मग नंबर तपासायला सगळ्यांना बाजूच्या बाकाकडे बोलावलं. पट्टीपाशी मी एकटाच होतो.

माझ्या डोक्यात दुपारचा तो आकडा होता. मी मनात म्हटलं, ही आज उडते आहे. चोवीसवर ठेवली तर नक्की अंगावर आदळणार. लोणीचीला सांगावं तर ती ऐकणार नाही, वर तिला वाटणार की खडकीचीनेच सरांना पाठवलं. ऐन शर्यतीआधी तमाशा नको. मी खाली वाकलो, पट्टी उचलली, मागच्या बाजूला माझ्या बुटाची दोन पावलं मोजली आणि पट्टी तिथे लावली. अर्ध्या मिनिटाचं काम. मला त्या वेळी आपण फार शहाणपणाने वागलो असंच वाटलं.

घड्याळ हातात धरून आयुष्य काढलेला माणूसच अशी चूक करतो. मी घड्याळ पाहिलं आणि पाय पाहिले नाहीत. ज्या मुलीने दीड तासापूर्वी आयुष्यातली सर्वात वेगवान शर्यत पळली तिचे पाय दीड तासात परत येत नाहीत. तीन आठवड्यांपूर्वी लोणीचीने हेच सांगितलं होतं, उद्या ही दमंल.

खडकीची वळणावरून येताना पहिलीच होती. पण शेवटच्या पंधरा-वीस मीटरमध्ये तिचे गुडघे उचलले जाईनात. तिचा पाय पट्टीवर पडला आणि लोणीची सुटली. अगदी त्याच क्षणी सुटली, मी दोन हातांवर उभा होतो. ती सुटली ती तिच्या पद्धतीने, मागे न बघता. मागे हात दिला. हात रिकामाच राहिला. खडकीची ओरडली, "थांब! ए थांब ना!" लोणीची थांबली तेव्हा पट्टा संपला होता. बॅटन हातात आली ती रेषेच्या पलीकडे. पुढच्या पंचाने झेंडा वर केला.

लोणीची तरीही शेवटपर्यंत पळाली. पहिली आली. मग मागे वळून तिने झेंडा पाहिला.

खडकीची ट्रॅकवर बसकण मारून रडत होती. "मुद्दाम केलंस! मला मेडल मिळालं म्हणून! लवकर सुटलीस तू!"

लोणीचीने हातातली बॅटन खाली ठेवली. ती सरळ आपल्या जागेवर आली आणि तिथून टाचेला चवडा लावत मागे पावलं मोजत गेली. लोक हसत होते. पट्टीपाशी पोचली, वाकली, उरलेल्या जागेत आडवी बोटं ठेवली.

"सव्वीस," ती म्हणाली. "सव्वीस आणि वर चार बोटं. माझी खूण हलवली कुणीतरी."

कुणी विश्वास ठेवला नाही. मग ती माझ्याकडे वळली. तिचा चेहरा मला आजही जसाच्या तसा दिसतो. त्यावर राग नव्हता. खात्री होती, की हा माणूस इथेच उभा होता, तेव्हा हा सांगेल.

"सर, तुमी हितंच होता. माझ्या पट्टीपाशी कोण आलं होतं?"

"माझं लक्ष नव्हतं," मी म्हटलं.

"ही गेली होती ना हितनं? अंग गरम करायला?"

खडकीची गेली होती. दोन वेळा त्या बाजूने सावकाश पळत गेली होती, सगळ्याच मुली जातात तशी. मी म्हटलं, "हो, गेली होती."

खोटं बोलण्यापेक्षा हे खरं बोलणंच जास्त वाईट होतं, हे मला तिथेच कळलं. लोणीचीने मान हलवली, जाऊन खडकीचीच्या एक कानाखाली ठेवून दिली आणि बाकाकडे जाऊन बूट काढू लागली.

मी सांगितलं असतं तर काय झालं असतं? पंचाने संघाच्या खुणेला हात लावला म्हणून माझा बिल्ला गेला असता, बहुधा कायमचा. संघ बाद तो बादच राहिला असता. पण लोणीचीवर ठपका आला नसता आणि त्या दोघी एकमेकींना कायमच्या दुरावल्या नसत्या. मी 'उद्या सांगू' असं ठरवलं. दुसऱ्या दिवशी स्पर्धा भरवणाऱ्या अ‍ॅथलेटिक्स संघटनेची चौकशी बसली. सचिव म्हणाले, "प्रशिक्षकांचं मत लेखी द्या, म्हणजे प्रकरण मिटेल." मी लिहिलं : 'खेळाडू गुणी आहे, परंतु सांघिक वृत्तीचा अभाव आहे.' खाली सही केली. माझं अक्षर ड्रॉइंग ऑफिसमुळे फार सुंदर होतं. त्या कागदावर तिला संघटनेच्या पुढच्या सराव शिबिरातून वगळलं.

खडकीचीला दोनशे मीटरमुळे नोकरी लागली. लोणीची पुन्हा पहिल्या बसने आली नाही. पुढच्या मे महिन्यात तिचं लग्न झाल्याचं कळलं. पत्रिका मला आली नव्हती.

पुढे माझ्या ऑफिसात संगणक आले. ड्रॉइंगचे मोठे लाकडी फळे भंगारात निघाले आणि त्यांच्यामागोमाग मीही स्वेच्छानिवृत्ती घेतली. मुलगा हिंजवडीला लागला. आता स्पर्धेत घड्याळ माणसाच्या हातात नसतं, यंत्र फोटो काढून निकाल देतं. मी मुलींना पळवणं सोडलं. कारण म्हणून गुडघ्याचं नाव पुढे केलं.

खडकीची दर गुरुपौर्णिमेला पेढे घेऊन घरी यायची, अजूनही येते. पाया पडते. एका वर्षी म्हणाली, "सर, मला एक कळत नाही. माझं मेडल बघून तिला एवढं जळायचं काय होतं? मी तर तिला खूप मानायचे." मी पेढ्याचा खोका बायकोकडे दिला.

ती गेल्यावर बायको म्हणाली, "त्या लोणीच्या मुलीलाही बोलवा की कधी."

"लांब पडतं तिला."

"लोणी काळभोर आहे. अमेरिका नव्हे."

बायकोला मी काहीच सांगितलेलं नव्हतं. पण ती माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिली. त्या आठवड्यात मी सोलापूर रस्त्याच्या बसमध्ये बसलो.

शर्यतीला तेव्हा वीस-बावीस वर्षं झाली होती. लोणीचीचं सासर गावातच होतं आणि ती तिथल्या कॉलेजच्या पोरांसाठी मेस चालवत होती. पत्र्याची शेड, चार बाकडी, भिंतीवर खडूने लिहिलेला आठवड्याचा बेत. मला बघून ती परात तशीच ठेवून उठली.

"सर! फोन तरी करायचा. बसा. जेवल्याबिगर सोडणार न्हाई."

अंगाने भरली होती, पण चाल तीच होती, चवड्यावरची. मी जेवायला बसलो. एक विद्यार्थी आत डोकावला.

"काकू, आज काय?"

"रोज इचारतोस जसं काय बदलणार हाय. फ्लॉवर-बटाटा."

तिची मुलगी कॉम्प्युटरला होती. पुढे खराडीला नोकरी बघणार म्हणाली. "पळत न्हाई ती," ती हसली. "बस चुकली तरी पळत न्हाई." मग माझ्या ताटात चपाती वाढत तिने विचारलं, "खडकीची बरी हाय का?"

"बरी आहे."

"चांगली पळायची. वळणावर तर लई चांगली." तिने पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला. "आता राग न्हाई राहिला, सर. तवा तिला बी नोकरी पायजे होती. हलवली आसंल खूण. पोरवय होतं."

मी घास खाली ठेवला. सांगायचं ठरवूनच आलो होतो आणि तिने स्वतःच दार उघडून दिलं होतं.

"पर तुमचं मी विसरले न्हाई," ती म्हणाली. "सगळे मला बोलले. घरचे, संघटनेचे, पेपरवाले. तुमी एकटे एक शब्द बोलला न्हाईत. मी ह्यांना अजून सांगते, आमच्या सरांना ठावं होतं मी लवकर सुटले न्हाई, म्हणून ते गप ऱ्हायले."

तिने आमटी वाढली. मी ती खाल्ली. चांगली होती असंही म्हणालो.

ती मला थांब्यापर्यंत सोडायला आली. पिशवीत शेंगांची चटणी दिली, "बाईंना द्या" म्हणून. बस येताना दिसली तेव्हा मी म्हटलं, "अगं, ती खूण..."

"सोडा वो सर. झालं ते झालं," ती म्हणाली आणि माझ्या कोपराला हात लावून मला पायरीवर चढवलं. "खिडकीला जागा हाय बघा."

मी खिडकीला बसलो. बस सुटल्यावर ती रस्त्याच्या कडेला उभी होती, हात वर करून.

त्यानंतर पुन्हा लोणीला जायला मला कुणी अडवलं नव्हतं. बस होती, वेळ होता, गुडघेही बरीच वर्षं चालत होते. मी गेलो नाही. आपल्याला ज्या एका माणसाने खोटं ठरवलं नाही असं तिला वाटतं, तो माणूसही काढून घेऊ नये, असं मी स्वतःला सांगत राहिलो. हे कारण ऐकायला चांगलं आहे. खरं कारण इतकंच, की तिने मला ज्या नजरेने चपाती वाढली ती नजर मला घालवायची नव्हती.

त्या थांब्यावर मला किती बोलायचं होतं ते मी नंतर घरी बसून जुन्या स्टॉपवॉचवर मोजून पाहिलं आहे. पंधरा सेकंदसुद्धा लागत नाहीत. बस यायच्या आत सहज बोलून झालं असतं.

खूण मी हलवली. माझ्या बुटाची दोन पावलं, म्हणून वर चार बोटं भरली. खडकीची नुसती तिथून पळत गेली होती. तू बरोबर सुटलीस. चौकशीत तुझ्याविरुद्ध लिहिलं तेही मीच. मला माफ कर.